वन्संनी लावलेली एकच बोली

लग्न होऊन या घरात आले त्या पहिल्याच आठवड्यात मी दोनदा उपाशी राहिले. ताटं वाढली की आमच्या मोठ्या वन्सं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "जेवण वाढलंय. एकवार." जरा थांबून, "दोनवार." मला वाटलं बाई थट्टा करतायत, म्हणून मी निवांत केस विंचरत बसले. "तीनवार" झालं आणि माझं ताट झाकून कपाटात गेलं. मागायला गेले तर शांतपणे म्हणाल्या, "आता उद्या."

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची सगळ्यात थोरली बहीण. बस डेपोच्या मागच्या गल्लीत एक लिलावघर आहे, तिथे त्या लिलाव पुकारतात. बंद पडलेल्या कचेऱ्यांच्या खुर्च्या, गोदामात बेवारस राहिलेली खोकी, कुणाच्या तरी आजोबांची कपाटं, असलं सगळं तिथे येऊन पडतं. वन्सं मुळात वस्तूंवर नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवायला लागल्या होत्या. एके दिवशी पुकारणाऱ्या गृहस्थांचा घसा बसला आणि मालकाने सहज विचारलं, इथे कुणाला ओरडता येतं का? त्या दिवसापासून लाकडी हातोडा वन्संच्या हातात आहे. माइक लागत नाही. डेपोतले ड्रायव्हर त्यांच्या 'दोनवार'वर गाडी सुरू करतात असं आमचे हे म्हणतात, पण ह्यांच्या बोलण्यावर फारसं जाऊ नये.

वन्संनी लग्न केलं नाही. का, ते विचारायची छाती फक्त माझ्या आईची झाली. "मनासारखी बोली आली नाही," वन्सं म्हणाल्या आणि चहाचा कप पुढे केला. आईने पुन्हा विषय काढला नाही.

कामाच्या बाबतीत बाई दगड. हातोडा पडला की पडला, मग गिऱ्हाईक रडो नाहीतर पाया पडो. भाव चढवायला भिंतीकडे बोट करून "तिकडून बोली आली" असं खोटं म्हणणारे पुकारणारे असतात. वन्संनी ते कधी केलं नाही. आणि पुकारणाऱ्याने स्वतः बोली लावायची नाही, हा तर त्यांच्या लेखी श्वास घेण्याइतका साधा नियम. आयुष्यभर हातून एवढं सामान गेलं, पण या बाईने स्वतःसाठी एक स्टूलसुद्धा बोली लावून घेतलेलं नाही. लोकांना मात्र वाटतं की ही खरेदीत तरबेज असणार. कसली तरबेज! भाजीवाली सांगेल ती किंमत देऊन मोकळी. घासाघीस करायला मग मला पाठवतात, कारण ती मला जमते आणि आवडतेही.

माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी कॉम्प्युटरवर स्वस्त काय मिळतं ते शोधते. विमानाच्या तिकिटावर बोली लावायची वेबसाइट आमच्या घरात मीच आणली, त्यामुळे तिची तरफदारी आणि निंदा दोन्ही करायचा हक्क माझाच. तिथे गंमत अशी, की तुम्ही फक्त कुठून कुठे आणि कुठल्या तारखेला ते सांगायचं, आणि आपल्याला परवडेल तो आकडा टाकायचा. कार्डाचा नंबर ते आधीच घेतात. एखादी विमान कंपनी तेवढ्यात न्यायला तयार झाली, की तिकीट तुमच्या गळ्यात. मग कळतं कंपनी कुठली, वेळ कुठली, मध्ये कुठे कुठे उतरायचं. बदलून मिळत नाही, पैसे परत नाहीत. आणि बोली नाकारली तर त्याच तारखेसाठी दुसऱ्या दिवसापर्यंत पुन्हा बोली लावता येत नाही, बसा हात चोळत.

पण मिळतं हो स्वस्त! मी आणि हे माझ्या मावसबहिणीकडे निम्म्याहून कमी पैशांत जाऊन आलो. परत आल्यावर महिनाभर गल्लीत माझ्यासारखी शहाणी मीच. आता विमान जिथे उतरलं त्या विमानतळाला त्या शहराचं नाव असलं, तरी शहराशी त्याचा दुसरा काही संबंध नव्हता, आणि टॅक्सीवाल्याने वाचलेले निम्मे पैसे काढून घेतले, हे मी गल्लीत सांगितलं नाही. जागाही वेगवेगळ्या मिळाल्या. हे पुढे, मी मागे, प्रवासभर एका शब्दाने भांडण नाही. हा फायद्यात धरायचा की तोट्यात, ते मी अजून ठरवलेलं नाही.

वन्संना हे सगळं कौतुकाने सांगितलं तर त्यांच्या कपाळावर आठी. "वस्तू न दाखवता बोली घेतात?"

"हो. म्हणून तर स्वस्त."

"आम्ही बंद खोकं विकतो तेव्हासुद्धा लोकांना ते हलवून बघू देतो," असं म्हणून त्या वर्तमानपत्र वाचायला लागल्या.

आता खुर्चीची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. ही भावंडं तीन. मोठ्या वन्सं, मधल्या म्हणजे आमच्या धाकट्या वन्सं, आणि शेंडेफळ आमचे हे. सासूबाई गेल्यावर घरातल्या सामानाची वाटणी करायची होती. भांडण नको, पैसाही मध्ये नको, म्हणून मोठ्या वन्संनी तोडगा काढला. सासूबाईंचा बटणांचा डबा होता, त्यातली बटणं धाकट्या वन्संना आणि ह्यांना सारखी वाटली. वन्सं पुकारणार, हे दोघं बटणांची बोली लावणार. वन्संनी स्वतःला काहीच ठेवलं नाही, कारण पुकारणाऱ्याने बोली लावायची नसते.

दुपारभर हसतखेळत चाललं होतं. मग एक घडीची खुर्ची पुढे आली. हिरव्या पांढऱ्या पट्ट्यांचं कापड, तेही एका बाजूला उसवलेलं. सासूबाई संध्याकाळी दारात ती टाकून बसायच्या, आणि शेवटचे काही महिने धाकट्या वन्संच त्यांना धरून तिच्यावर बसवायच्या. धाकट्या वन्संना बाकी काही नको होतं, ती खुर्ची हवी होती. पण ती समोर उघडली आणि त्या वाकून उसवलेली शिवण चाचपत बसल्या. बोली लावायचं राहून गेलं. तेवढ्यात ह्यांनी कान खाजवायला हात वर केला. मोठ्या वन्संनी लिलावघरातल्या वेगाने "एकवार, दोनवार, तीनवार" म्हटलं आणि हातोडा आपटला. खुर्ची ह्यांची झाली, एका बटणाला.

"मी बोलणार होते, ताई," धाकट्या वन्सं म्हणाल्या.

"हातोडा पडला," मोठ्या म्हणाल्या.

ह्यांनी लगेच, अगं घेऊन जा ना, असं म्हटलं. धाकट्या वन्सं म्हणाल्या, मला दान नको. उरलेली बटणं त्यांनी पर्समध्ये टाकली आणि दुसऱ्या दिवशी निघून गेल्या. पुढे त्यांच्या यजमानांची नोकरी परदेशात लागली. मग वर्षानुवर्षं नुसते कोरडे निरोप. तब्येत बरी, हवा थंड, कळावे. खुर्ची आमच्या गच्चीत पडून राहिली. मी तिच्यावर टॉवेल वाळत घालते. मोठ्या वन्सं गच्चीत येईनाशा झाल्या. गुडघे दुखतात म्हणायच्या. लिलावघराचा जिना मात्र दणादणा चढायच्या.

आणि मग धाकट्या वन्संच्या यजमानांचा फोन आला. धाकट्या वन्संची छातीची मोठी शस्त्रक्रिया ठरली होती, गुरुवारी सकाळी. डॉक्टर काही गोड बोलले नव्हते. धाकट्या वन्संनी एवढाच निरोप दिला होता, की ताईला म्हणावं, मला आत नेण्याआधी ये.

मोठ्या वन्संनी फोन ठेवला, चष्मा पुसला, आणि माझ्या दुकानात येऊन माझ्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. "मंगळवारी निघायचं," म्हणाल्या.

मी साधं तिकीट शोधलं. किंमत बघून माझे डोळे पांढरे झाले. मी म्हटलं, "घाबरू नका वन्सं, आपल्याकडे उपाय आहे." बोलीची वेबसाइट उघडली, नाव घातलं, तारीख घातली, त्यांच्या कार्डाचा नंबर घातला. "याच्या निम्म्यापासून सुरू करू. नाकारलं तर उद्या वाढवू."

"उद्या?"

"एकदा नाही म्हणाले की उद्याच विचारता येतं."

वन्सं पडद्याकडे बघत राहिल्या. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, घरभाड्याच्या कराराच्या प्रती काढून द्यायच्या होत्या, म्हणून मी उठले. परत येऊन बघते तर पडद्यावर भली मोठी हिरवी खूण आणि "अभिनंदन". आकडा मी दोनदा वाचला. साध्या तिकिटाची जी किंमत होती, तिच्यावर आणखी निम्मी! वन्संनी एका बोटाने, एक एक आकडा शोधून टाकलेली.

"अहो वन्सं, काय करून बसलात! शेजारच्या खिडकीत याहून स्वस्त तिकीट उघडं दिसतंय!"

"वाचलं मी."

"वाचलंत? मग ते का नाही घेतलंत?"

"तिथे किंमत त्यांनी लिहिली होती. इथे मला विचारलं," वन्सं म्हणाल्या आणि स्टुलावरून उठल्या.

मी संतापले होते, त्यामुळे तेव्हा माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मी वेबसाइटलाही शिव्या घातल्या. बाई, तुम्ही जास्त देताय, असं सांगणारं तिथे कुणी नसतं. तुम्ही देता, ते घेतात, वर अभिनंदन करतात. ह्यांना सांगितलं तर ह्यांनी कपाळाला हात लावला, पण ताईला बोलायची हिंमत? नाव नको. आणि एवढे पैसे मोजून मिळालं काय? मंगळवारी संध्याकाळी निघायचं, मधल्या शहरात बुधवारचा अख्खा दिवस बसून काढायचा, आणि गुरुवारी पहाटे पोचायचं. मध्ये जरा कुठे खुट्ट झालं की शस्त्रक्रियेची वेळ टळलीच. माझा जीव टांगणीला लागला, आणि राग वन्संवर काढावा की कुणावर, तेही कळेना.

निघायच्या आदल्या दिवशी वन्सं गच्चीत गेल्या. माझे टॉवेल घडी करून बाजूला ठेवले आणि खुर्ची खाली आणली. गादीवाल्याकडून तशाच हिरव्या पांढऱ्या पट्ट्यांचं नवं कापड शिवून घेतलं. मग ह्यांच्यासमोर ठेवून म्हणाल्या, "ही तुझी आहे. मला पुकारायला देतोस?"

"ने की गं ताई, विचारतेस काय!"

"विचारावं लागतं. मालक तू आहेस," वन्सं म्हणाल्या, आणि सुतळीने खुर्ची बांधायला बसल्या.

विमानतळावर कळलं, की या तिकिटात सामान धरलेलंच नाही. माझ्या लक्षात होतं, पण सांगायचं राहून गेलं, कारण मी भांडत होते. वन्संनी खुर्चीचे जास्तीचे पैसे निमूटपणे भरले. खुर्ची विमानात पुढच्या बाजूला, कोट टांगायच्या कपाटात उभी राहिली. वन्सं शेवटच्या रांगेत, संडासाच्या भिंतीला टेकून. तिथल्या सीटची पाठ मागे जात नाही. सगळ्या विमानात सगळ्यात महाग तिकीट त्यांचं असणार, आणि खुर्चीला जागा त्यांच्यापेक्षा बरी मिळाली. हे आणि पुढचं सगळं मी त्यांच्याकडून परत आल्यावर खोदून खोदून काढून घेतलं.

बुधवारी संध्याकाळी मधल्या शहरात त्यांचं पुढचं विमान रद्द झालं. लोकांना दुसऱ्या विमानांवर बसवायला सुरुवात झाली. वन्संचा नंबर आल्यावर खिडकीतली मुलगी म्हणाली, "तुमचं तिकीट सवलतीचं आहे ना, मग आधी पूर्ण भाड्यावाले. तुम्हाला उद्या दुपारचं विमान देते."

वन्सं म्हणाल्या, "मी पूर्ण भाड्यापेक्षा जास्त दिलंय."

मुलीला ते खरं वाटलं नाही. कुणाला वाटेल? म्हणाली, तासाभरात एक विमान आहे, पण ते भरलंय. कुणी आपण होऊन जागा सोडली तरच. सोडणाऱ्याला कंपनी हॉटेल आणि पुढच्या प्रवासाची कुपनं देणार होती. त्या विमानाच्या दाराशी एक बिचारा कर्मचारी हेच माइकवर सांगत होता, पण खर्र खर्र आवाजाशिवाय कुणाला काही ऐकू जात नव्हतं. लोक आपापल्या फोनमध्ये डोकं घालून बसले होते.

वन्सं खुर्ची काखेत घेऊन त्याच्याजवळ गेल्या. "मी पुकारू?"

तो दमलेला होता. म्हणाला, पुकारा.

वन्संनी खुर्ची भिंतीला टेकवली आणि तोंड उघडलं. पलीकडच्या दुकानातली माणसं बाहेर आली म्हणे. "मंडळी, इकडे लक्ष द्या! एक जागा हवी आहे. सोडणाऱ्याला हॉटेल, दोन वेळचं जेवण, पुढच्या प्रवासाची कुपनं. आणि आधीच सांगते, ती जागा मलाच मिळणार आहे. माझी धाकटी बहीण इस्पितळात आहे, तिला उद्या सकाळी आत नेणार आहेत. म्हणजे मी पुकारते आणि फायदाही माझाच, हे नियमात बसत नाही. ते माहीत करून घेऊन मगच हात वर करा. एकवार!"

कुणी हललं नाही. "दोनवार," वन्सं म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज फाटला.

नळांच्या तोट्या विकणारा एक मिशीवाला माणूस नमुन्यांची बॅग उचलून उभा राहिला. "बसा मावशी तुम्ही. माझ्या तोट्यांना काही घाई नाही."

पोचल्या. तिकडचं धाकट्या वन्संच्या यजमानांनी सांगितलं, आणि ते तिखटमीठ लावणारे गृहस्थ नाहीत. मोठ्या वन्सं थेट इस्पितळात आल्या, तेव्हा धाकट्या वन्संना हिरवा झगा घालून तयार ठेवलं होतं. तब्येत कशी, प्रवास कसा, काही नाही. मोठ्या वन्संनी सुतळी सोडली, पलंगाशेजारी खुर्ची उघडली आणि म्हणाल्या, "घडीची खुर्ची, एक. कापड नवीन. एकवार."

धाकट्या वन्संनी हात लांब करून नव्या कापडाला बोट लावलं.

"दोनवार," मोठ्या म्हणाल्या, आणि थांबल्या. नुसत्या थांबल्या. स्ट्रेचर आलं, वॉर्डबॉयने चाकं सरळ केली, परिचारिकेने चला म्हटलं, तरी बाई तिसऱ्यांदा तोंड उघडेना. धाकट्या वन्संना स्ट्रेचरवर घेतलं. दाराशी पोचल्यावर त्यांनी मान वळवली. "मी बाहेर आल्यावर बोली लावते, ताई. तोवर तीन म्हणू नकोस."

"नाही म्हणत," मोठ्या वन्सं म्हणाल्या.

शस्त्रक्रिया ठरल्यापेक्षा खूप लांबली. मोठ्या वन्सं बाहेर त्या खुर्चीशेजारी उभ्या होत्या. यजमानांनी दहादा म्हटलं, अहो ताई, बसा तिच्यावर, एवढा प्रवास करून आलात. तर म्हणाल्या, लिलावात असलेल्या वस्तूवर बसायचं नसतं. इकडे मी दुकान उघडलं आणि बंद केलं, ह्यांनी तीनदा गॅसवरचं दूध उतू घालवलं आणि मी एकदाही ओरडले नाही. शेवटी फोन आला, आल्या बाहेर, श्वास नीट आहे. मी रडले. हेही रडले आणि वर म्हणाले, डोळ्यात काहीतरी गेलं.

धाकट्या वन्संना नीट बोलता यायला लागलं त्या दुपारी यजमानांनी आम्हाला व्हिडिओवर घेतलं. खुर्ची पलंगाशेजारी तशीच उघडी होती, आणि मोठ्या वन्सं तिच्यामागे ताठ उभ्या होत्या.

"बोली," धाकट्या वन्सं हळूच म्हणाल्या. यजमानांनी त्यांची पर्स उघडली आणि एक छोटी पुरचुंडी मोठ्या वन्संच्या हातात दिली. सासूबाईंची बटणं होती. "आहेत तेवढी सगळी."

"अगं, विरोधात कुणी नाही," मोठ्या वन्सं म्हणाल्या. "एक पुरे."

"तू विमानाला किती दिलेस ते कळलंय मला. तुझ्या विरोधात कोण होतं?"

मोठ्या वन्संनी पुरचुंडी मुठीत धरली, नाक ओढलं, आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना इस्पितळात शोभेल एवढ्या आवाजात पुकारा केला. "सगळी बटणं, एकवार. सगळी बटणं, दोनवार."

आणि थांबल्या. धाकटीकडे बघत थांबल्या, यजमानांकडे बघत थांबल्या, मग फोनमधून आमच्याकडे बघत थांबल्या. माझ्या शेजारी ह्यांचा हात हळूहळू कानाकडे जायला लागला. मी तो मधल्या मध्ये पकडला आणि "तीनवार" होईपर्यंत दोन्ही हातांनी माझ्या मांडीवर दाबून ठेवला.